आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठी

परीक्षेचा ताण, घरातली भांडणं, तुटलेलं नातं, स्वतःला इजा करून घेण्याचे विचार. अशा विषयांवर किशोरवयीन मुलामुलींना ऑनलाइन आधार मिळावा म्हणून छोटे व्हिडिओ, ऑडिओ आणि चित्रकथा करायचं काम आमच्याकडे आलं. समुपदेशकांनी संहिता तपासून दिली, शूटिंग पार पडलं. इथवर वेगळं काही नव्हतं.

खरी गंमत कच्चा कट मुलांसमोर लावल्यावर सुरू झाली. "छान आहे, पण घरी मी हे लावणारच नाही," एक मुलगी म्हणाली, "शेजारी कोणीतरी असतंच." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. हेडफोन लावले तरी 'काय बघतेयस?' हा प्रश्न येतोच म्हणे. मग आवाजाविना सगळं कळलं पाहिजे, हीच पहिली अट ठरली. सबटायटल्स मोठ्या अक्षरांत आली. अक्षरं आणि मागचा रंग यांत निदान ४.५:१ इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा, हा सुगम्यतेचा, म्हणजे अधू नजरेच्यांनाही वाचता यावं यासाठीचा, निकष आम्ही काटेकोर पाळला, कारण रात्री स्क्रीनचा उजेड अगदी कमी केलेला असतो. थंबनेलवरचं ठळक शीर्षक काढून साधं चित्र टाकलं. पानावर 'लगेच बाहेर पडा' हे बटण दिलं. ते दाबलं की हवामानाचं पान उघडतं, पण ब्राउझरची हिस्टरी त्याने पुसली जात नाही. हे त्या बटणाखालीच लिहायचा आग्रह मी धरला. खोटी सुरक्षितता देण्यापेक्षा बटण नसलेलं बरं.

अनुभव सांगणाऱ्या मुलांचा आवाज नुसता जाड-बारीक करून भागत नाही, तो पुन्हा मूळ पट्टीवर आणता येतो. म्हणून त्यांचे शब्द कलाकारांकडून वाचून घेतले. भावंडं किती, कुठला क्लास, असे ओळख पटवणारे तपशीलही बदलले. मुलांची लेखी संमती तर घेतलीच, अठरा वर्षांखालच्यांच्या पालकांचीही घेतली. अर्थात पालकांना कळू नये असाच विषय असेल तर ती गोष्ट वापरायचीच नाही, असं ठरलं.

सर्वाधिक खल झाला तो आत्महत्येच्या विचारांवरच्या भागावर. पद्धत किंवा जागा यांचं वर्णन करू नका आणि मदत कुठे मिळेल ते सांगा, असं जागतिक आरोग्य संघटना माध्यमांना सांगते. संकटातून तगून निघालेल्यांच्या गोष्टी बघणाऱ्याला सावरू शकतात, असं अभ्यासातही दिसलं आहे. दिग्दर्शकाला आवडलेला एक दृश्यक्रम त्यामुळे कापावा लागला. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता.

हेल्पलाइनचे नंबर व्हिडिओत न घालता खालच्या मजकुरात ठेवले, आणि तेही त्या मजकुराच्या सुरुवातीलाच, कारण शेवटपर्यंत फार थोडे जण बघतात. नंबर बदलतात, बंदही पडतात. दर महिन्याला आमच्यातलं कोणीतरी प्रत्येक नंबर फिरवून बघतं. पलीकडून उत्तर आलं नाही, तर तो नंबर त्याच दिवशी काढला जातो.