स्टॅम्प पेपर, लाल पट्टी आणि लिब्रेऑफिस

मी नाशिकमध्ये कॉम्प्युटर रिपेअरिंगची कामं करतो आणि माझी बरीच गिऱ्हाईकं जुन्या सीबीएसच्या (सेंट्रल बस स्टँडच्या) आसपासची, कोर्टाची टायपिंग करणारी मंडळी आहेत. ॲफिडेव्हिट, भाडेकरार, नोटरीचे कागद वगैरे. त्यातल्याच एका ताईंचा सकाळी फोन आला, दादा लवकर या, वर्डमध्ये एक अक्षर टाईप होईना आणि साहेब अकराच्या आत कागद मागतायत.

जाऊन बघितलं तर वर लाल पट्टी, फाईल उघडते, प्रिंट पण निघते, पण टायपिंग बंद. ज्याने मशीन विकलं त्याने "ऑफिस टाकून दिलंय" म्हणून वेगळे पैसे घेतले होते आणि टाकलं होतं क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, वर ते कुलूप तोडणारा ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून विंडोजचा डिफेंडर, म्हणजे व्हायरस अडवणारा पहारेकरी, पण बंद करून ठेवलेला. म्हणजे लोकांच्या आधार कार्डाच्या कॉप्या, सह्यांचे स्कॅन सगळं ज्या मशीनवर आहे ते उघडं टाकलेलं. ताईंना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांनी पैसे मोजले होते, त्यांच्या दृष्टीने तो विकतचाच माल. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. तिथेच बसलेले वकील साहेब म्हणाले की कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब प्रमाणे जाणूनबुजून असं सॉफ्टवेअर धंद्यात वापरलं तर 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. ताईंचा चेहराच उतरला. मी म्हटलं, आत्तापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, आता कळलंय तर आजच काढून टाकू. ओरिजिनल घ्यायचं तर दरवर्षी काही हजार, ते त्यांना झेपणारं नव्हतं.

मोबाईलचं हॉटस्पॉट लावून लिब्रेऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखंच काम करणारं फुकट सॉफ्टवेअर, उतरवलं, साधारण साडेतीनशे एमबी. ते होईपर्यंत क्रॅक काढून डिफेंडर चालू केला आणि फुल स्कॅन लावला. ताईंचा पहिला प्रश्न, फुकट आहे म्हणजे महिन्याने बंद पडेल का? नाही पडणार. 2010 साली ओपनऑफिस नावाच्या तशाच फुकट सॉफ्टवेअरमधून वेगळं होऊन हे सुरू झालं, द डॉक्युमेंट फाउंडेशन नावाची संस्था ते सांभाळते, आणि लायसन्सच असं आहे की घरी वापरा, दुकानात वापरा, दहा मशीनवर टाका, सगळं कायदेशीर. गूगल डॉक्स पण ब्राउझरमध्ये फुकट चालतं पण त्यांच्या टेबलवर नेटचा भरवसा नाही म्हणून तो विषय तिथेच संपला.

खरं काम पुढेच होतं. ऑप्शन्समध्ये लँग्वेजेसला जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) टिक करून भाषा मराठी निवडली, फॉन्ट नोटो सान्स देवनागरी टाकला, तोही फुकट. बरेच जण इथे हिंदीच ठेवतात आणि मग ल दांडीचा दिसतो. मराठी निवडलं की आपला पाकळीचा ल आणि देठाचा श बरोबर येतो, फक्त फॉन्टमध्ये ती रूपं दिलेली हवीत. अजून एक, स्टाईलमध्ये मराठीचा फॉन्ट आणि साइज इंग्रजीपेक्षा वेगळा द्यावा लागतो, नाहीतर इंग्रजी मोठं आणि मराठी बारीक असलं काहीतरी होतं. वकिलांना वर्डचीच फाईल लागते म्हणून सेव्हिंग कायमचं डॉक्सएक्स, म्हणजे वर्डच्याच प्रकारात, करून टाकलं.

मग स्टॅम्प पेपर. पहिल्या पानावर वरची जवळपास अर्धी जागा छापील असते, ताई इतकी वर्षं एंटर मारत मारत मजकूर खाली ढकलायच्या, आणि मध्ये एक ओळ वाढली की सगळं हलायचं, कधी कधी स्टॅम्प पेपर वाया. रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या वर्डसारख्या भागात, फर्स्ट पेज म्हणून पानाची स्टाईल आहे, तिचं वरचं मार्जिन पट्टीने मोजून टाकलं, पुढचं पान आपोआप साध्या मार्जिनवर जातं. साध्या कागदावर प्रिंट काढून स्टॅम्प पेपरवर ठेवून उजेडात धरला, पहिली ओळ बरोबर रेषेखाली. ताई म्हणाल्या, हे एवढं सोपं होतं होय! ते टेम्प्लेट म्हणून सेव्ह करून दिलं.

जुन्या एका फाईलमधलं टेबल थोडं सरकलं होतं, ते हाताने ओढून घेतलं, खोटं कशाला सांगू. बाकी वर्डच्या कॅलिब्री फॉन्टमधल्या फाईलींची पानं हलली नाहीत कारण लिब्रेऑफिससोबत येणाऱ्या कार्लिटो फॉन्टची अक्षरं रुंदीला तेवढीच असतात.

अकराला साहेबांचा कागद निघाला, त्यांनी फाईल त्यांच्या लॅपटॉपवर वर्डमध्ये उघडून बघितली, ठीक होती. मी व्हिजिटचे पैसे घेतले, सॉफ्टवेअरचे घ्यायचा प्रश्नच नव्हता. निघताना शेजारच्या टेबलवरचे काका म्हणाले माझ्याकडे पण ये, पण माझ्या फाईली सगळ्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमधल्या आहेत. तो फॉन्ट मशीनवर असेल तर फाईली दिसतील, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, न्यायच्या तर कन्व्हर्टरमधून काढून जोडाक्षरं एकेक तपासावी लागतात, म्हणून त्यांना रविवार दिलाय.