मसावि काढला आणि आख्खी संख्याच परत आली

अवयव पाडणारा नवा प्रोग्राम तपासायला आला की मी त्याला आधी २^६७ − १ देतो, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. फ्रेंच गणिती मेर्सेनने १६४४ मध्ये ही संख्या मूळ संख्यांच्या यादीत घातली होती. लुकासने १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचं दाखवलं, पण अवयव मिळाले ते १९०३ मध्ये, कोल यांना: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. उत्तर ठाऊक असलं की प्रोग्राम नेमका कुठे अडला ते कळतं. शिवाय ही संख्या संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटांत मावत नाही, त्यामुळे गुणाकाराचा कच्चेपणाही लगेच उघडा पडतो.

त्या दिवशीचा प्रोग्राम पोलार्डच्या ‘पी वजा १’ पद्धतीचा होता. एक छोटी संख्या पाया म्हणून घ्यायची, आपण ठरवलेल्या मर्यादेच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांचे (व त्यांच्या मर्यादेत बसणाऱ्या घातांचे) घात त्यावर चढवत जायचं, दर पायरीला दिलेल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. शेवटी बाकीतून १ वजा करून दिलेल्या संख्येशी मसावि. ज्या अवयवातून १ वजा केल्यावर फक्त लहान अवयव उरतात, तो असा हाती लागतो.

पाया २, मर्यादा १०,०००. मसावि आला तोच एकवीस अंकी आकडा, आणि पडद्यावर ‘अवयव सापडला नाही’.

पाया २ इथे मुळातच निरुपयोगी. २ चा ६७ वा घात या संख्येने भागला की बाकी १ उरते, आणि दोन्ही अवयवांनी भागूनही तेच. म्हणजे घातांकात ६७ येईपर्यंत मसावि १, आणि ६७ आला की एकदम पूर्ण संख्या. मधलं काही मिळणारच नाही, मर्यादा कितीही बदला.

पाया ३ केला. मर्यादा तीच, आणि मसावि पुन्हा आख्खी संख्या! आता कारण वेगळं होतं.

१९३७०७७२० = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७
७६१८३८२५७२८६ = २ × ३^२ × २९ × ६७ × २५५१ × ८५३९

१०,००० च्या आत दोन्हींचे सगळे अवयव येतात, त्यामुळे दोन्ही मासे एकाच जाळ्यात. मर्यादा १०० केली तर २६७७ बाहेर राहतो आणि मसावि १ येतो. ३,००० वर लहान अवयव सुटा होऊन बाहेर पडला. काम होतं ते २६७७ पासून ८५३८ पर्यंतच्या मर्यादेतच. अर्थात, अनोळखी संख्येत हा पट्टा आधी कुणाला दिसतो?

माझ्या मते खरा दोष त्या संदेशात होता. मसावि १ आणि मसावि पूर्ण संख्या, दोन्हींना प्रोग्राम एकच उत्तर देत होता. पहिल्याचा अर्थ मर्यादा कमी पडली. दुसऱ्याचा अर्थ ती जास्त झाली, किंवा पाया वाईट. उपाय सोपा आहे: दर शंभर मूळ संख्यांनंतर मसावि काढायचा आणि त्या जागची बाकी जपून ठेवायची. मसावि पूर्ण संख्या आला तर शेवटच्या जपलेल्या जागी परत जाऊन एकेका मूळ संख्येनंतर मसावि काढायचा. तरीही दोघे एकाच पायरीला पडले, तर पाया बदलायचा. प्रत्येक पायरीला मसावि काढणं मात्र परवडत नाही, तो गुणाकारापेक्षा बराच महाग पडतो.

उरलेला बारा अंकी अवयव मूळ आहे का, ही तपासणी प्रोग्राम फर्माच्या कसोटीने करत होता (संख्येतून १ वजा करून तेवढा घात पायावर चढवायचा, त्या संख्येने भागून बाकी १ आली तर पास), तीही पाया २ घेऊन. २^६७ − १ चा कुठलाही भाजक ६७ ने भागल्यावर बाकी १ देतो, म्हणजे त्यातून १ वजा केला की ६७ ची पट उरते; म्हणून तो मूळ असो वा संयुक्त, पाया २ वर पासच होतो. ती ओळही बदलायला सांगितली.