सहा, बारा, अठरा

क्रोशानं विणलेला माझा पहिला ससा पुरा झाला, कान लागले, नाकाचा गुलाबी टाकाही भरून झाला. मग आईनं तो हातात घेतला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. "छान झालाय गं, पण हा उलट्या बाजूनं झालाय." मला पटेना. तिनं टीव्हीवरचा स्वतःचा जुना रुमाल आणला, दोन्ही शेजारी ठेवले आणि बोट ठेवून दाखवलं. सुलट बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा उभा दिसतो. उलट बाजूला त्याच टाक्यावर एक बारीक आडवी दांडी येते. माझ्या सशाच्या अंगभर दांड्याच दांड्या होत्या.

दोन आठवडे मी रोज तासभर विणत होते आणि विणलेलं वाचायला शिकलेच नव्हते. ज्यांना पहिलंच खेळणं करायचंय त्यांच्यासाठी आज लिहायला बसले, ते या एका गोष्टीपायी. नमुना कोणताही घ्या, पण आपला टाका ओळखता आला पाहिजे. तो ओळखता आला की चूक झाली तरी कुठे झाली ते सापडतं.

आम्ही इचलकरंजीचे. अण्णांनी उभी हयात मागावर काढली, मी एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, ऑफिसात हिशेब लिहिते. घरात सूत होतंच, क्रोशे मात्र आईचं. दाराचं तोरण, रुमाल, तांब्यावर घालायचं मणी लावलेलं झाकण, हे सगळं तिनं दुपारच्या वेळात केलेलं. मी कधी सुई हातात धरली नव्हती. ताईची चिऊ वर्षाची होणार, तेव्हा तिला माझ्या हातचं काहीतरी द्यावं असं फार वाटलं, आणि मी आईशेजारी जाऊन बसले.

अशा विणलेल्या, आत भरण घातलेल्या लहान खेळण्यांना जपानी भाषेत आमिगुरुमी म्हणतात. आमी म्हणजे विणणं आणि नुइगुरुमी म्हणजे भरलेलं कापडी खेळणं, या दोन शब्दांतून ते नाव आलं. आईला हा शब्द नवा होता, पण काम बघितल्यावर ती म्हणाली, "हे तर सगळे मुके खांबच आहेत." मुका खांब म्हणजे क्रोशाचा बुटका, घट्ट टाका. खरंच तसं आहे. रुमालाला साखळी, खांब, लांब खांब, पाकळ्या, जाळी असं कितीतरी लागतं. सशाला फक्त मुका खांब पुरतो. तो वाढवायला आला, घटवायला आला, की हत्ती करा नाहीतर कासव.

इंग्रजी नमुना बघून करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकन नमुन्यात सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे दिसलं तर तो अमेरिकन समजायचा. मी हे न बघता डबल क्रोशे म्हणजे खांब धरून एक पाय विणला. तो इतका जाळीदार झाला की आतलं भरण बाहेर डोकावत होतं.

आता सूत. मी आधी आईच्या डब्यातला बारीक क्रोशाचा दोरा घेतला होता. अण्णांनी तो चिमटीत धरून थोडा उलटा पिळला, पदर मोकळे झाले. "ह्यो रुमालाचा दोरा हाय. खेळण्याला जाड घे, चार पदरी घे. आन् पीळ बघून घे, सैल पिळाचं सूत सुईवर फुटतंय." मागावरचं 40 काउंटचं सूत त्यांच्या हातातून वर्षानुवर्षं गेलेलं. काउंटचा हिशेब त्यांनी मला लहानपणी शिकवला होता: एका पौंडात 840 वारांच्या जितक्या लडी बसतील तितका काउंट, म्हणून आकडा वाढेल तसं सूत बारीक. स्टीलच्या क्रोशे सुयांचंही तसंच, आकडा मोठा तशी सुई बारीक. ॲल्युमिनियमच्या सुयांवर मात्र मिलिमीटर लिहिलेले असतात, तिथे आकडा मोठा म्हणजे सुई जाड. दुकानात या दोन्हींत गल्लत होते, म्हणून मिलिमीटरच सांगा.

मी चार पदरी सुती दोरा आणि 2.5 मिलिमीटरची सुई वापरते. दोऱ्याच्या वेष्टनावर बहुधा याहून जाड सुई सुचवलेली असते. ती स्वेटर-टोपीसाठी ठीक, खेळण्याला एक-दोन नंबर खाली यायचं, म्हणजे वीण घट्ट येते. बाजारात ज्याला सरसकट लोकर म्हणतात ती बऱ्याचदा ॲक्रिलिक असते. ती मऊ असते, पण तिला बारीक लव येते आणि टाके नीट दिसत नाहीत. शिकणाऱ्यानं फिक्या रंगाचा सुती दोरा घ्यावा असं माझं ठाम मत आहे. काळ्या लोकरीचं मांजर कितीही गोड दिसलं तरी पहिल्यांदा नको, रात्रीच्या दिव्यात त्याचा एक टाका दिसणार नाही.

सुरुवात सगळ्यात अवघड जाते. आई रुमालाला सहा साखळ्यांचं कडं करून त्यात खांब घालते, मधे छिद्र राहतं आणि रुमालाला ते शोभतं. सशाच्या डोक्याला छिद्र चालत नाही. त्यासाठी बोटाभोवती दोरा गुंडाळून ओढून बंद होणारं कडं करतात, मॅजिक रिंग. मला ते चार दिवस जमलं नाही. मग आईनं सोपं सांगितलं: दोन साखळ्या घाल, आणि सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घाल. अगदी बारीक छिद्र राहतं, ते सुरुवातीचं टोक आतून शिवून बंद होतं. मी अजूनही असंच करते.

मग पुढे 6, 12, 18, 24, 30. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन. तिसरीत एक साधा, एकात दोन. चौथीत दोन साधे, एकात दोन. दर फेरीला सहाच वाढतात. का, हे मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "मुक्याला सहा, खांबाला बारा, नाहीतर वाटी होते नाहीतर झालर होते." तिनं ते रुमाल करून करून ओळखलेलं. मी ऑफिसात कागदावर मांडलं आणि फार आनंद झाला. मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच. एका फेरीनं त्रिज्या एका टाक्यानं वाढली, तर परीघ दोन गुणिले पाय (π), म्हणजे सव्वासहा टाक्यांनी वाढायला हवा. म्हणून सहा. खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून बारा. शाळेतला तो पाय इतक्या वर्षांनी माझ्या मांडीवर दोऱ्यात येऊन बसला.

माझ्या सशाचा हिशेब देते. डोक्याला वरच्या पाच वाढीच्या फेऱ्या, मग 30 टाक्यांच्या पाच साध्या फेऱ्या, मग घटवत 24, 18, 12. तो गळा. तिथे दोरा तोडायचा नाही. पुन्हा 18, 24 वाढवायचे, 24 च्या सहा फेऱ्या, आणि 18, 12, 6 करत बंद. डोकं आणि अंग एकसंध राहतं, मान शिवायची भानगड नाही. एकूण 24 फेऱ्या, 516 मुके खांब. हातपाय पहिल्या सशाला लावूच नका. कान, शेपूट, तोंड एवढ्यावर तो ससा दिसतो.

फेऱ्या एकमेकींना जोडायच्या नाहीत, गोगलगाईच्या शंखासारखं गोल गोल वर जात राहायचं. त्यामुळे फेरी कुठे सुरू झाली ते डोळ्याला कळत नाही. आईनं बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. फेरीच्या पहिल्या टाक्यात ती अडकवायची, फेरी संपली की काढून नव्या पहिल्या टाक्यात. दर फेरीच्या शेवटी टाके मोजायचे. एक कमी भरला तर तिथल्या तिथे उसवायची ती फेरी. पुढे भरून काढू म्हटलं की डोकं एका अंगाला कलतं. माझं कललं होतं.

आता ती उलट-सुलट. तीन-चार फेऱ्या झाल्या की विणलेल्याची वाटी होऊ लागते. ती आपसूक उलटी बाजू बाहेर ठेवून वळते. आपण वाटीच्या आत सुई घालून पलीकडच्या काठावर विणतो आणि ते हाताला सोयीचं वाटतं. तिथे थांबायचं. टोपी उलटी करतात तशी वाटी उलटायची, व्ही बाहेर आणायचे, आणि अलीकडच्या काठावर विणायचं. सुई बाहेरून आत जायला हवी. दहाव्या फेरीलाही उलटता येतं, गळ्याच्या 12 टाक्यांपर्यंत गेलात की जवळजवळ नाही, आणि भरल्यावर तर नाहीच.

घटवताना दोन टाके एकत्र घेतो. नुसते घेतले तर तिथे गाठ आणि भोक दिसतं. त्याऐवजी दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे, आपल्याकडचे पदर सुईवर घ्यायचे, दोरा त्या दोन्हींतून एकदम काढायचा आणि मुका खांब पुरा करायचा. घटवलेली जागा शोधून सापडत नाही. हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी आईला झोपेतून उठवून दाखवलं, आणि तिनंही उठून चष्मा लावून बघितलं.

भरणात माझी मोठी चूक झाली. घरी कापूस होता, तोच भरला. चिऊनं सशावर वरण सांडलं, ताईनं तो धुतला, आणि आत कापसाचे गोळे झाले. वाळायला चार दिवस लागले आणि कुबट वास राहिला. उशीत भरतात तो फायबर घ्या, गादीवाल्याकडे रेक्रॉन म्हटलं की मिळतो. डोकं गळा 12 वर यायच्या आधीच बहुतेक भरून घ्यायचं, थोडं थोडं पिंजून, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं कडेला सारत. गळ्यात मात्र दाबून भरा. तिथे पोकळ राहिलं की मान लवते.

डोळ्यांसाठी काळे चकचकीत प्लास्टिकचे डोळे मिळतात, मागून चकती बसवतात. दिसायला सुंदर. तरीही तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला ते लावू नका, मणी आणि बटणंही नकोत. ही मुलं सगळं आधी तोंडात घालतात आणि ओढून काढतात. काळ्या दोऱ्यानं डोळे भरा. सुईनं एका टाक्याच्या जागी चार वेळा दोरा फिरवला की टपोरा डोळा होतो. दोन डोळ्यांत सात-आठ टाक्यांचं अंतर ठेवलं आणि ते डोक्याच्या मध्यापेक्षा थोडे खाली घेतले, की चेहरा बाळासारखा दिसतो. माझे आधी वर गेले होते. उसवले, खाली आणले, तेव्हा तो माझ्याकडे बघायला लागला.

कान 6, 12, मग 12 च्या दहा फेऱ्या. भरायचे नाहीत, चपटे दाबायचे. शिवायला पुरेल इतका लांब दोरा ठेवूनच तोडा. शिवण्याआधी टाचण्यांनी लावून लांबून बघा, सकाळी उठून पुन्हा बघा.

चिऊ सशाला कानाला धरूनच सगळीकडे नेते. महिनाभरात डावा कान सुटून आला, कारण मी तो फक्त पुढच्या काठानं शिवला होता. ताई घेऊन आली तेव्हा चिऊ सुटलेला कान मुठीत धरून माझ्या समोर उभी होती, आणि मी हातातलं सगळं बाजूला ठेवलं. आता कानाचा पुढचा काठ शिवून झाला की मागचाही शिवते, प्रत्येक टाका डोक्याच्या टाक्यातून नेऊन. उरलेल्या दोऱ्याला गाठ मारून कापत नाही. सुई अंगातून आरपार घालते, पाठीतून काढते, पुन्हा दुसरीकडून घालते, दोरा जरा ताणून कापते, आणि टोक आत जातं.