मुके माउली

काका संक्रांतीनंतर गेले. ज्येष्ठ लागला तशी काकूंनी त्यांची झोळी माझ्या हातात ठेवली. "या वर्षी तू जाऊन ये." विचारलं नाही, सांगितलं.

इंदूरच्या रामबागेत जे वाढले त्यांना काका सांगायला नकोत. १९९१ मध्ये मिल बंद पडली तेव्हापासून ते ओटल्यावर बसलेले. ७० किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून आणलेलं नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते आलं की पहिली आरोळी त्यांची, "नळ आलाऽऽ!" कुणाचं लग्न ठरेना, कुणाचा मुलगा सिगरेट ओढताना दिसला, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत कुठल्या मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, सरस, सगळ्याचा निकाल ओटल्यावर लागायचा. मिल बंद झाल्या, झांक्या निघत राहिल्या, तसे काकाही बोलत राहिले. आषाढात मात्र ओटला रिकामा. परतले की वारीच्या गोष्टी दिवाळीपर्यंत पुरायच्या. "अख्खी वारी ओळखते मला," म्हणायचे.

दौंडच्या गाडीनं पुणं, तिथून आळंदी. प्रस्थान टाचा उंचावूनही दिसलं नाही. कळस हलला, असं शेजारचे म्हणाले. दिवेघाट, सासवड, जेजुरीचा भंडारा, नीरास्नान; कुठे काय झालं ते आता एकात एक मिसळलंय.

दिंडीत गेल्यापासून मी काकांची ओळख काढत होतो. "इंदूरचे. मोठ्या आवाजाचे. झोळीत जीरावनची, आमच्या इंदुरी मसाल्याची, डबी." लोक जरा आठवून बघायचे आणि मान हलवायचे. "माउली, इथं किती येतात!" मला राग यायला लागला. एवढी वर्षं एकाच दिंडीत चाललेला माणूस असा पुसला जातो? हरिपाठाला तोंडानं म्हणत होतो, मनात हेच. त्यातून तंबूत माझ्या शेजारचे माउली असे घोरायचे की काकड्याआधीच डोळे उघडे.

बरड सोडलं आणि उजव्या टाचेनं जवाब दिला. धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्हा लागतो, स्वागताच्या कमानी, फुलं, सगळं असतं. मला फक्त डांबर दिसत होतं. पाऊस चार थेंब टाकून पळालेला, वर नुसता उकाडा. चप्पल घातली तर फोड घासायचा, काढली तर खडी टोचायची. पुढे "ज्ञानोबा माउली तुकाराम" चाललेलं आणि मी प्रत्येक टाळाला एक शिवी गिळत होतो. शेवटी रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसकण मारली.

तिथे एक बाई तुळस खाली ठेवून बसल्या होत्या. परभणीकडच्या. माझ्या पायाकडे बघून म्हणाल्या, "इकडं करा." मी नको नको म्हणेपर्यंत पाय त्यांच्या मांडीवर. चंचीतून सुई काढली, काडी पेटवून जाळावर धरली, दोरा ओवला. फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसऱ्या कडेनं काढली, दोरा आतच ठेवून दोन्हीकडं बोट-बोटभर शेपट्या सोडल्या. दोऱ्यावरून पाणी थेंब थेंब उतरायला लागलं. "ह्यो वढायचा न्हाई. कातडं बी सोलायचं न्हाई. मग रडाल." वर त्यांच्याच पदराच्या काठाची चिंधी बांधली.

त्यांनी भाकरी सोडली. माझ्याकडे द्यायला काय होतं? काकांच्या डबीतलं जीरावन भाकरीवर भुरभुरलं. त्यांनी चाखलं, थोडं थांबल्या. "मीठ लई पडलंय ह्याच्यात." इंदुरात जीरावनला कुणी नाव ठेवलं असतं तर काकांनी तासभर सोडलं नसतं. मी म्हटलं, "हो, जरा जास्तच आहे." उठताना मी वाकायच्या आत त्याच माझ्या पाया पडल्या, त्याच फोडाच्या पायाच्या, आणि तुळस डोक्यावर घेऊन गेल्यासुद्धा.

नातेपुत्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दिंडीच्या टँकरवर तोंड धुवायला गेलो तर टँकरवाला झोळीकडेच बघत राहिला.

"ही मुक्या माउलींची न्हवं?"

"मुके?"

"कधी बोलायचेच न्हाईत. नाव विचारलं तर नुसते हसायचे. पहाटे तीनला टँकरवर हजर. म्हाताऱ्या बायांच्या बादल्या भरायच्या आन् तंबूपतुर पोचवायच्या. औंदा दिसले न्हाईत."

मी सांगितलं. त्यानं नळ बंद केला, टोपी काढली, "रामकृष्णहरी" म्हणाला, आणि मागची माणसं ओरडायला लागली तसा परत सुरू केला.

रात्री झोप नाही, आणि या खेपेला दोष घोरण्याचा नव्हता. ज्यांच्या आवाजावर आम्ही शाळेच्या वेळा गाठल्या, ते इथे मुके? खरं सांगायचं तर फसवल्यासारखं वाटलं. पहाटे मी टँकरवर गेलो. तिसऱ्या बादलीला कंबर धरली. एक आजी म्हणाल्या, "राहू द्या माउली, तुमच्याच्यानं नाही व्हायचं."

सदाशिवनगरचं रिंगण, वेळापूरचा धावा, वाखरी. पंढरपुरात चंद्रभागेत पाय बुडवले, कळसाला हात जोडले. दर्शनबारीत उभं राहायची टाच नव्हती.

घरी आलो. काकूंनी चहा ठेवला. "तिकडे ह्यांना ओळखलं का रे कुणी?"

"ओळखलं ना. पाणी भरायचे म्हणाले. पहाटे उठून बायकांच्या बादल्या उचलायचे."

काकू चहा गाळायचं विसरल्या. "पाणी? ह्यांनी? अरे, जन्मभर 'नळ आला' म्हणून ओरडले, एक बाल्टी उचलून दिली नाही कधी!"

मी गप्प बसलो. गाळणं परत पातेल्यावर धरत काकूंनी विचारलं, "कोण बायका होत्या रे त्या?"