पुसट रेघ

ऐरोलीतल्या आमच्या मेडिकलमध्ये आज संध्याकाळी एक मुलगी बराच वेळ घुटमळत होती. गर्दी ओसरल्यावर जवळ आली आणि मोबाइलमधला प्रेग्नन्सी टेस्ट किटचा फोटो दाखवला. ‘ताई, पॉझिटिव्ह आहे का हो हे?’ ‘सी’पुढे ठसठशीत गुलाबी रेघ, ‘टी’पुढे अगदी पुसट.

विचारलं, किती वेळाने बघितलंस? म्हणाली, पाच मिनिटांत. मग पुसट असली तरी ती बहुधा पॉझिटिव्हच. लघवीत एचसीजी हे गरोदरपणात तयार होणारं हार्मोन असलं की ‘टी’ची रेघ उमटते. सुरुवातीला ते कमी असतं, म्हणून रंग फिका. मात्र किट तासाभराने पाहिलं तर वाळल्यामुळे दिसणारी करडी रेघ फसवते. आणि ‘सी’ची रेघच नसेल तर किट बाद.

दोन-तीन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा कर म्हटलं. पण पोटात एका बाजूला जोरात दुखलं, अंगावरून रक्त गेलं, तर वाट बघू नकोस, थेट डॉक्टर गाठ.

मला वाईट वाटतं ते या कुजबुजीचं. किट कागदात गुंडाळून मागतात आणि आतली सूचनांची घडी न उघडताच फेकतात. बायांनो, काउंटरवर मोकळेपणी विचारा. मी रोज रात्री दहापर्यंत असते.