सीओईपीला चान्स आहे का? सोलापुरातून माझा कॅपचा अनुभव

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा रिझल्ट लागला, मला 97 च्या वर परसेंटाइल होते आणि तिथून पुढं घरात एकच विषय, कॅपमधून, म्हणजे राज्याच्या एकत्रित ॲडमिशन प्रक्रियेतून, सीओईपीला, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला, चान्स आहे का. क्लासमधल्या एका सरांनी सरळ सांगितलं की 99 नसेल तर पुण्याचं नाव काढू नको, इथलंच बघ. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आत्ताही पटत नाही, कारण नुसत्या परसेंटाइलवरून चान्स कळतच नाही. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) समजा 3 लाख पोरं बसली तर 1 परसेंटाइल म्हणजे 3000 पोरं झाली, मग 97 आणि 98 मधला फरक नुसता बघून काय कळणार? बघायचा असतो मेरिट नंबर, आणि तो आपल्या कॅटेगरीच्या मागच्या वर्षीच्या कटऑफला लावून बघायचा, तोही सगळ्या राऊंडचा, फक्त पहिल्या राऊंडचा नाही.

कटऑफची पीडीएफ उघडली की पहिल्यांदा डोकंच गरगरतं. प्रत्येक ब्रँचखाली चौकोन, चौकोनात वर मेरिट नंबर, खाली कंसात परसेंटाइल आणि डोक्यावर कोड. तो कोड वाचायला शिका. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींची सीट, मधे कॅटेगरी, आणि शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे अख्ख्या राज्याची एकच लिस्ट. आपल्या सोलापूरकरांसाठी हे शेवटचं अक्षर लई महत्त्वाचं. आपली होम युनिव्हर्सिटी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, त्यामुळं पुण्यातल्या बऱ्याच प्रायव्हेट कॉलेजात आपण बाहेरच्या 30 टक्क्यांत मोडतो. पण सीओईपी ऑटोनॉमस, 2022 पासून तर स्वतःच सरकारी विद्यापीठ, तिथं एस चालतो, म्हणजे पुण्याची पोरगी आणि सोलापूरची पोरगी एकाच लिस्टमध्ये. सांगलीच्या वालचंदलाही एसच. (आपल्याकडं वालचंद म्हटलं की लोक आपलंच समजतात, पण सांगलीचं 1947 चं आणि अनुदानित, आपलं 1983 चं आणि खासगी, फॉर्म भरताना कोड तपासून घ्या.)

मी ओबीसी, मुलगी, म्हणून माझा रकाना एल ओबीसी एस. तिथं बघितलं तर कॉम्प्युटर लांबच होतं, पण मेटलर्जी, म्हणजे धातूंची ब्रँच, माझ्या नंबरच्या अगदी आसपास बंद झालेली. सगळे म्हणले मेटलर्जी घेऊन काय करणार. माझे पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, माग दुरुस्त करतात, आणि तुटलेला गिअर घरी आणून तो कुठून चिरला ते मला दाखवायचे, आतली कड दाणेदार असते, बाहेरची घासून गुळगुळीत झालेली. तो का तुटला हे शिकवणारी ब्रँच मला नकोशी का वाटेल?

ऑप्शन फॉर्मबद्दल, म्हणजे कॉलेज आणि ब्रँचचा पसंतीक्रम भरायच्या फॉर्मबद्दल, एक गोष्ट कळकळीनं सांगते. चान्स बघून क्रम लावू नका, आवडीनं लावा. वरती न मिळणारं कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही, सिस्टिम वरून खाली बघत येते आणि तुमच्या मेरिटला जे पहिलं बसतं ते देते. मात्र पहिल्या राऊंडला पहिला ऑप्शन लागला की तो घ्यावाच लागतो, आणि 2025 च्या नियमानं दुसऱ्या राऊंडला पहिले 3 आणि तिसऱ्याला पहिले 6, त्यामुळं वरच्या जागी मनापासून हवं तेच टाका. उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी माफीच्या सीटचा) कोड वेगळा असतो, तो वेगळा टाकावा लागतो, आपोआप होत नाही.

खरी दमछाक कागदांची. ओबीसीला 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, आणि आमच्या आजोबांची शाळा अक्कलकोट तालुक्यातल्या गावात. तिथल्या गुरुजींनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, पानं पिवळी पडून कडेला चुरा होत होती, आणि त्यात शाईनं आजोबांचं नाव, जात, जन्मतारीख सगळं स्वच्छ लिहिलेलं. त्या उताऱ्यावर जातीचा दाखला, मग व्हॅलिडिटी, म्हणजे तो दाखला तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र, नॉन क्रिमीलेअर वेगळं. आम्ही हे अकरावीतच सुरू केलं होतं म्हणून निभावलं. माझ्या मैत्रिणीची व्हॅलिडिटी वेळेत आली नाही आणि तिला ओपनमधून जावं लागलं, मार्क माझ्याइतकेच असून. मला याचा फार राग येतो, पोरीनं अभ्यास करायचा की ऑफिसच्या पायऱ्या चढायच्या?

पहिल्या राऊंडला सांगली वालचंद लागलं. घरचे म्हणले फ्रीज कर, म्हणजे हीच सीट पक्की कर, हातात आलंय ते सोडू नको. पण बेटरमेंट घेतली, म्हणजे पुढच्या राऊंडला वरच्या ऑप्शनसाठी थांबलं, म्हणून हातची सीट सुटत नाही, वरचं मिळालं तरच ती जाते, हा नियम पप्पांना रात्री बसून वाचून दाखवला तेव्हा ते तयार झाले. दुसऱ्या राऊंडला सीओईपी मेटलर्जी, माझा तिसरा ऑप्शन. पप्पांनी कारखान्यातनंच फोन केला, मागे मागांचा एवढा आवाज की ते काय बोलले ते मला नीट ऐकूच आलं नाही.

रिपोर्टिंगला ओरिजिनल कागद आणि झेरॉक्सचे दोन सेट नेले. 2024-25 पासून 8 लाखांच्या आतल्या ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, तेवढा मोठा भार गेला. होस्टेल आणि मेसचे पैसे मात्र आपल्यालाच भरायचे असतात आणि होस्टेलचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो ॲडमिशन झाल्या झाल्याच भरून टाका.