खळीपासून कॅराजिननपर्यंत : आमची वाटचाल

वडिलांचं दुकान सोलापूरच्या पूर्व भागात. कपड्याचे रंग, सोडा, युरिया आणि पोत्यातली एक फिकट पिवळी भुकटी. टॉवेल छापणारे कारखानदार तिला नुसतं 'गम' म्हणायचे. तिचं नाव सोडियम अल्जिनेट आणि ती तपकिरी समुद्री शेवाळापासून काढतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. समुद्र पाहायचा तर रात्रभर एसटीत बसावं लागतं अशा गावात आमचं घर समुद्रावर चाललं होतं!

या गमचं काम आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताशी पक्का जोडला जातो. पण छापण्यासाठी तो दाटसर करायला गमऐवजी स्टार्चची खळ घातली, तर रंग सुताऐवजी खळीलाच धरतो, कापड कडक होतं आणि महागडा रंग धुण्यात वाहून जातो. अल्जिनेटवर ऋण विद्युतभार असतो आणि रंगावरही ऋणच. त्यामुळे ते रंगाला जवळ येऊ देत नाही. वडिलांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. ते म्हणायचे, "खळ रंग खाते, गम खात नाही."

2020 मध्ये माग थांबले, दुकान बंद. वाचायला वेळच वेळ होता. तेव्हा कळलं की आपल्या पेशींवर हेपरान सल्फेट नावाच्या, ऋणभार असलेल्या साखरेच्या लांब साखळ्या असतात आणि डेंग्यू, कोरोनासारखे विषाणू आत शिरण्याआधी त्यांना पकडतात. लाल शेवाळातलं कॅराजिनन आणि तपकिरी शेवाळातलं फ्युकोइडन या साखळ्याही साखरेच्याच, आणि त्यांच्यावरही ऋणभाराचं सल्फेट असतं. विषाणू पेशी सोडून त्यांनाच चिकटतो. खळ रंग खाते, अगदी तसंच. आमच्या धंद्यातला दोष इथे गुण ठरत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कल्पना जुनीच होती. 1958 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर, गालगुंड आणि इन्फ्लुएंझा बी या विषाणूंविरुद्ध लाल शेवाळाचा अर्क वापरून परिणाम पाहिला होता.

दुकान उघडल्यावर एक व्यापारी आला. म्हणाला, "भाऊ, शेवाळाची पावडर कॅप्सूलमध्ये भरून द्या, वर 'विषाणूनाशक' छापू." पैसे रोख होते आणि आमच्यावर कर्ज होतं. मी नाही म्हणालो. हे रेणू प्रचंड मोठे असतात. गिळले तर आतड्यातून रक्तात फारसे जातच नाहीत. रक्तात गेलेच, तर काही फ्युकोइडनं हेपरिन या औषधासारखं रक्त पातळ करतात. परीक्षानळीत जे जमतं ते माणसात जमेलच असं नाही. दक्षिण आफ्रिकेत सहा हजारांहून अधिक स्त्रियांवर एचआयव्ही रोखण्यासाठी कॅराजिननच्या जेलची चाचणी झाली. 2008 मध्ये निकाल आला : जेल सुरक्षित होतं, पण संसर्ग थांबला नाही. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

मात्र नाकात, जिथे विषाणू उतरतो तिथेच थर द्यायचा झाला, तर चित्र बदलतं. अर्जेंटिनात कोविडच्या काळात 394 आरोग्य कर्मचाऱ्यांवर आयोटा या प्रकारच्या कॅराजिननच्या नाकातल्या फवाऱ्याची चाचणी झाली. फवारा घेतलेल्यांत 1 टक्का आणि नुसता द्रव घेतलेल्यांत 5 टक्के लोकांना कोविड झाला. चाचणी छोटी आहे, पण माझा विश्वास याच वाटेवर आहे.

मग मी तमिळनाडूतल्या मंडपमला गेलो. तिथे बायका बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस नावाचं लाल शेवाळ लावतात, पंचेचाळीस दिवसांत पीक काढतात. ताज्या शेवाळाचा रस पिळून शेतीला जातो, उरलेल्या चोथ्यातून कॅराजिनन निघतं. पण ते कप्पा प्रकारचं. आयोटामध्ये सल्फेट जास्त असतं आणि ते युकेमा नावाच्या दुसऱ्या शेवाळातून येतं. ऋतू बदलला, किनारा बदलला की त्याच शेवाळातला माल बदलतो. औषध करणाऱ्यांची खरी डोकेदुखी मला तिथे समजली.

आज आम्ही कापड छापणाऱ्या कारखान्यांना गम देतो, डाळिंबवाल्यांना शेवाळाचा रस आणि मागणीप्रमाणे प्रयोगशाळांना कॅराजिनन. मोहोळकडचे शेतकरी विचारतात, "याने तेल्या जातो का?" नाही जात. तो जिवाणूंचा रोग आहे, रसाने झाडाला थोडी ताकद येते, एवढंच. असं सांगून काही गिऱ्हाइकं गेली, काही मात्र त्याच उत्तरामुळे टिकली.

प्रयोगशाळेच्या प्रत्येक पाकिटावर आम्ही शेवाळाची जात, किनारा, काढणीचा महिना आणि सल्फेटचं प्रमाण लिहितो. सल्फेटची तपासणी बाहेरून करून घ्यावी लागते आणि पाकिटाच्या नफ्यातला मोठा भाग त्यातच जातो. गेल्या महिन्यात एका संशोधक ताईंचा फोन आला. आधीचाच लॉट पुन्हा मिळेल का, असं त्या विचारत होत्या. चार किलो शिल्लक होतं. ते आता त्यांच्या नावानं वेगळं ठेवलंय.